पकडीची जागा

दवाखान्यात रक्त घ्यायला सिस्टरने बाबांची बाही वर सारली आणि सुई हातात धरून ती तशीच थांबली. दंडाच्या आतल्या बाजूला ओळीने चार निळसर डाग होते आणि बाहेरच्या बाजूला एक, जरा मोठा, कडेने पिवळा पडत चाललेला. चार बोटं आणि एक अंगठा. शाळकरी पोरालाही कळलं असतं. सिस्टरने दुसरी बाही वर केली. तिथेही होते, थोडे फिके. मग तिने पुन्हा पहिला हात घेतला, पुसला, शीर शोधली, रक्त घेतलं, कापूस दाबून बाबांचा हात कोपरात दुमडला, आणि बाबांना नाही, तर त्यांच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या लेकीला विचारलं, "हे कशाने?"

"उचलताना होतं," ती म्हणाली. "कातडी पातळ झालीय त्यांची. जरा धरलं की उमटतं."

"घरी कोण असतं?"

"मी. दिवसा शेजारच्या काकू येऊन बसतात, पण त्या उचलत नाहीत. त्यांची पाठ धरते."

"म्हणजे तुम्हीच."

"हो. मीच."

सिस्टरचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ती म्हणाली, "संध्याकाळी मी तुमच्याच भागात फिरतीवर आहे. येऊन जाते. कसं उचलता ते दाखवा मला." आणि दाराशी येऊन जरा हळू आवाजात, "माझ्या मनात काही नाही हो ताई, पण असं दिसलं की मला बघावंच लागतं. घरी जमत नसेल तर आपल्याकडे वॉर्ड आहे म्हाताऱ्यांसाठी. तिकडे हलवता येईल त्यांना." बाबा दोघींकडे न बघता कोपरात अडकलेला कापूस निरखत बसले होते, जणू तो कोणीतरी विश्वासाने सांभाळायला दिला होता.

हलवता येईल. कपाट हलवतात, खाट हलवतात. चाकाची खुर्ची ढकलत ती घरी निघाली, तेव्हा तिच्या डोक्यात तो एकच शब्द खडखडत होता. फुटपाथची कड आली की खुर्ची मागे कलती करून पुढची चाकं वर घ्यायची, मग मागून रेटायचं. हे तिचे हात आता न सांगता करत. आज मात्र ती प्रत्येक वेळी हातांकडे बघत होती. सरळ, जाड बोटं, नखं आखूड कापलेली, बोटांच्या पेरांवर कारखान्यातल्या टाकीच्या पाण्याने आलेला कोरडेपणा. या हातांनी म्हाताऱ्या माणसाला मारलं असेल, असं कोणाला वाटू शकतं? मग तिच्या लक्षात आलं की सिस्टरने मारलं असं म्हटलंच नव्हतं. मारलं हा शब्द तिचाच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं म्हणून ती स्वतःशी हसली. घरी काकू येऊन बसल्याच होत्या. तिने बाबांना खाटेवर निजवलं, बाह्या नीट खाली ओढल्या, मनगटाची बटणं लावली, आणि मग बटणं का लावली म्हणून तिला स्वतःचाच राग आला. कारण इतके दिवस ती कधीच लावत नव्हती.

कारखान्यात पोचली तेव्हा पाळी सुरू होऊन गेली होती. ताईंना उशीर म्हणजे म्हाताऱ्याचं काहीतरी, हे सगळ्यांना पाठ होतं. ती टाकीवर होती. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे भाग येत, उपकरणांची झाकणं, पेट्या, दांडे, आणि त्यांच्यावर विजेने संरक्षक थर चढवायचा, हे तिचं काम. कारखान्यात त्या थराला कोणी थर म्हणत नसे, लेपही म्हणत नसे. कातडी म्हणत. आज कातडी छान आलीय, या खेपेला कातडी खरबरीत आहे, अमक्याची कातडी कोपऱ्यात पातळ राहिली. सकाळी सिस्टरला तिने कातडी पातळ झालीय म्हणून सांगितलं ते याच आवाजात, हे तिला आता जाणवलं. झाकण परत करणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं. सिस्टरला तोच आवाज खटकला असेल.

मॅग्नेशियम हा धातू तिला आवडायचा, आणि त्याचा तिला वैतागही होता. इतका हलका की पहिल्यांदा हातात घेणारा माणूस फसतो, जोर लावून उचलायला जातो आणि हात वर उडतो. पण स्वभाव असा की कोणाशी म्हणून पटत नाही. दमट हवेशी नाही, खाऱ्या पाण्याशी तर अजिबात नाही, शेजारी लोखंडाचा स्क्रू आला तर स्वतःच कुरतडून निघतो. अॅल्युमिनियमचं बरं असतं, त्याला आम्लात बुडवून कातडी चढवता येते. याला त्या आम्लात सोडला तर फसफसून निम्मा विरघळेल. म्हणून याची टाकी वेगळी, क्षाराची. आधी तेलकटपणा धुवायचा, मग पाणी, मग टाकी, आणि मग वीज वाढवत न्यायची. एका ठिकाणी येऊन मीटरवरचा आकडा अडतो. पाण्याखाली, त्या भागाच्या अंगावर, बारीक बारीक ठिणग्या धावू लागतात आणि तेल तापल्यासारखा चुरचुर आवाज येतो. नवी माणसं तो देखावा बघत उभी राहतात. तिला त्यात आता काही वाटत नसे, पण कोणी विचारलं तर ती सांगायची की ही कातडी बाहेरून लावलेली नसते. रंगासारखी नसते ती. धातूचाच वरचा पापुद्रा जळून त्याची कातडी होते. स्वतःला थोडंसं जाळल्याशिवाय याला संरक्षण मिळत नाही. असं सांगितलं की ऐकणारा हटकून म्हणायचा, अगदी माणसासारखंच की. या वाक्याचा तिला कंटाळा होता. माणसासारखं काही नसतं. धातू दमत नाही.

पण आज तिला पकडीपाशी थांबावं लागलं. भाग टाकीत सोडायचा तर तो कशात तरी धरायला हवा, आणि धरायची ती पकड वीजही पोचवते, म्हणून ती घट्ट हवी. आणि पकडीचे ओठ जिथे टेकतात तिथे पाणी पोचत नाही, म्हणून तिथे कातडी चढत नाही. एवढीशी जागा उघडी राहतेच. काही केलं तरी राहते. म्हणून नवा भाग आला की पहिला प्रश्न असतो, कुठे धरायचं? दिसणार नाही अशा जागी, आतल्या कडेला, जिथे पुढे काही बसणार नाही तिथे. नंतर त्या जागेवर ब्रशने हातानेच लाखेचा ठिपका द्यायचा. माणसाला आतली कड नसते. बाबांना धरायचं तर काखेत आणि दंडाला; सिस्टर लोकांच्या माहितीपत्रकातही तेच चित्र असतं. काखेत त्यांना गुदगुल्या होत असत पूर्वी, ते खिदळायचे, आणि एवढ्या मोठ्या देहाचा माणूस खिदळताना बघून आई म्हणायची, पुरे झालं, शोभत नाही. आता काखेत हात घातला तर ते नुसते पुढे बघत राहतात.

ते गोदीवर क्रेन चालवायचे. त्यांच्या अंगात त्या वेळी आयुष्यभर पुरेल एवढा अहंकार होता, आणि तो सगळा उचलण्याबद्दलचा. उचलायचं तर उचल, नाहीतर हात लावू नको, हे त्यांचं घरातलं ब्रीदवाक्य. मग ती बादली असो, पाहुण्यांची बॅग असो की तिचं शिक्षण. अर्धवट उचललेल्या ओझ्याइतकं वाईट काही नाही, ते ना जमिनीचं असतं ना तुमचं, असं ते म्हणत. रस्ता ओलांडताना ते तिचं मनगट धरत. हात नाही, बोट नाही, मनगट; आणि असं धरत की पलीकडे पोचल्यावर तिच्या मनगटावर पांढरा पट्टा उमटलेला असे आणि मग तो लाल होई. आई ओरडायची, "अहो, पोरीचा हात आहे तो, साखळदंड नाही." ते म्हणायचे, "सुटली असती तर?" त्या लाल पट्ट्यासाठी तेव्हा कोणी सिस्टर घरी आली नव्हती. उलट शाळेत ती तो मैत्रिणींना दाखवायची, हे माझ्या बाबांनी, अशा तोऱ्यात. दुखायचं, पण त्या दुखण्यात काहीतरी होतं जे सगळ्या मुलींकडे नव्हतं. हे सिस्टरला सांगावं का? सांगितलं तर ती म्हणेल, म्हणजे सूड का?

सूड नव्हता. पण एक गोष्ट होती, आणि सकाळपासून ती त्या गोष्टीभोवती फिरत असूनही तिच्यापाशी जात नव्हती. परवाची असेल, की त्याच्याही आधीची. बाबांना न्हाणीघरातून उठवायचं होतं. कामावरून आल्यावर तिने अजून चप्पलही काढली नव्हती. ती काखेत हात घालून म्हणाली, उठा, आणि ते जड झाले. माणूस ठरवून जड होऊ शकतो. लहान मुलं करतात तसं सगळं अंग खाली सोडून द्यायचं. क्रेनवाल्याला तर ते चांगलंच ठाऊक असणार. "उठा ना हो बाबा," ती म्हणाली, मग "उठा!" असं ओरडली, आणि दंड धरून त्यांना वर ओढलं. ते उभे राहिले. उभे राहिल्यावर तिने सोडायला हवं होतं. तिने सोडलं नाही. अजून थोडा वेळ, कारण नसताना, बोटं रुतवून ती तशीच उभी राहिली, त्यांच्या तोंडाकडे बघत, आणि त्या जास्तीच्या वेळात तिला बरं वाटलं. दिवसभरात प्रथमच बरं वाटलं. मग सोडलं. तिने त्यांना टॉवेलने पुसलं, नेहमीपेक्षा जास्त काळजीपूर्वक, पाठीच्या मणक्यांमधून, बोटांच्या बेचक्यांमधून, आणि त्यांना दुपट्याने गुंडाळल्यावर स्वतः न्हाणीच्या दारात बसून राहिली. हे एवढंच. रागाने एकदा धरलं. बाकी सगळ्या वेळा गरजेने. पण कातडीला राग आणि गरज वेगळी कळत नाही. सगळे डाग सारखेच निळे.

चहाच्या सुट्टीत तिने दुसऱ्या शहरातल्या धाकट्या भावाला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "मग जाऊ दे ना वॉर्डात. त्यात वाईट काय आहे? तू दमलीयस ताई. लोक करतात असं."

"पण त्याचं कारण काय म्हणून लिहिलं जाईल? माझ्या हातांमुळे नेलं, असंच."

"कोण विचारतंय कारण?"

"मी."

"तुला काय वाटतं, मी येऊन राहावं?" असं त्याने विचारलं, पण अशा सुरात की नाही हेच उत्तर ठरलेलं होतं, म्हणून तिने ते दिलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला चावलं म्हणून सांगायचं? फोन ठेवल्यावर तिला जे खरं होतं ते दिसलं, आणि ते सिस्टरच्या डोळ्यांपेक्षा वाईट होतं. बाबा वॉर्डात गेले तर ती झोपेल. एकदा सुरू झाली की संपणार नाही अशी झोप. तिच्या खांद्यांना, पोटऱ्यांना, दातांच्या मुळांना ती हवी होती. तिने ती मागितली नव्हती, पण कोणी आणून दिली तर नाही म्हणणार नव्हती. फक्त ती या मार्गाने नको होती. चांगली लेक म्हणून दमून हरणं वेगळं आणि हाताळायला नालायक ठरून बाप काढून घेतला जाणं वेगळं. ती झोप मिळाली तरी लागणार नाही, हे तिला आत्ताच कळत होतं.

दुपारनंतरच्या खेपेला एक मोठी पेटी होती, पातळ भिंतींची. तिने ती पकडीत अडकवली, आवळायला गेली आणि हात आपोआप हलका पडला. पुरे, इतकं पुरे, असं बोटंच म्हणाली. टाकीत सोडून तिने वीज वाढवत नेली. ठिणग्या सगळ्या अंगावर पसरायला हव्या होत्या. त्या पसरल्या नाहीत. पकडीपाशी एकच मोठी, पिवळट ठिणगी पेटली आणि जागची हलेना. आवाजही वेगळा, चुरचुर नाही, कोरडा फटफट. तिने वीज तोडली तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पेटी वर काढली तर पकडीच्या जागी नखाएवढं भोक, कडा वितळून काळ्या झालेल्या. सैल पकड जाळते, हे तिनेच किती जणांना शिकवलं होतं. पकडी बनवणारा फिटर शेजारून उठून आला, त्याने भोकात करंगळी घालून बघितली.

"काय ताई, आज हात घरी ठेवून आलात का?"

"सैल राहिली."

"ते दिसतंय. तुमच्याकडून सैल म्हणजे नवलच. तुम्ही आवळलेली पकड सोडवायला मला पाना लागतो." तो चेष्टेनेच बोलत होता, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून त्याची फजिती झाली. "अहो, एक पेटी गेली, होतं असं. मी सांगतो वर, धातूतच खोट होती म्हणून."

"खोट धातूत नव्हती," ती म्हणाली, "तसं काही सांगू नका." आणि मग उरलेल्या पेट्या तिने अशा आवळल्या की मनगटं ठणकायला लागली.

सिस्टर बोलल्याप्रमाणे आली, आणि तीसुद्धा दमलेलीच दिसत होती. पायातले बूट दाराशी काढताना तिने भिंतीला टेकून डोळे क्षणभर मिटले. काकू गेल्या. बाबा आरामखुर्चीत होते, पुढ्यात पाव आणि सूपचा रिकामा वाडगा. "काय आजोबा, ओळखलंत का?" सिस्टरने विचारलं. बाबांनी मान डोलावली. ते हल्ली सगळ्यालाच मान डोलवत. काल काय जेवलो, आज वार कोणता, हे त्यांच्या हातून कधीच निसटलं होतं, आणि निसटलेलं ते मान डोलावून झाकत. "चला, दाखवा ताई," सिस्टर म्हणाली. हात दाखवून अवलक्षण, लेकीच्या मनात आलं.

तिने वाकून बाबांच्या काखेत हात घातले. चित्रातल्यासारखे, तळवे उघडे, बोटं न मिटता. उचलायला गेली. बाबा अर्धे वर आले, तिच्या उघड्या तळव्यांवरून घसरले आणि धप्पकन परत खुर्चीत बसले. त्यांच्या तोंडून "ओय" असा आवाज निघाला. तिने पुन्हा तसंच केलं, पुन्हा तेच. सिस्टर म्हणाली, "असं रोज उचलता?"

"नाही."

"मग रोजच्यासारखं उचला."

तेव्हा तिने धरलं. दंडाला, घट्ट, बोटं मिटून, गुडघा खुर्चीच्या कडेला टेकवून, आणि एका झटक्यात बाबा उभे राहिले. पाय थरथरत होते, पण ते उभे होते, आणि त्यांचं डोकं तिच्या खांद्यावर टेकलं होतं. सदऱ्यातूनही कळत होतं की बोटं कुठे आहेत. सिस्टरने ते बघितलं. लेकीने बाबांना हळूच परत बसवलं आणि मागे वळून, सगळं एका श्वासात, म्हणाली, "बाकीचे डाग असे आहेत. पण त्यातला एक रागाचा आहे. मला ते सांगायचंय. मी सोडायला हवं होतं तेव्हा सोडलं नाही."

"कुठला?" सिस्टरने विचारलं.

"ओळखता येत नाही."

सिस्टरच्या चेहऱ्यावर ना धक्का दिसला ना माया. असल्या गोष्टी तिने पुष्कळ ऐकल्या असाव्यात. मग ती स्टूल ओढून बाबांच्या समोर बसली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मोठ्याने, सावकाश विचारलं, "आजोबा, मला खरं सांगा हं. ह्या तुम्हाला धरतात तेव्हा दुखतं का?"

बाबांनी या वेळी मान डोलावली नाही. त्यांनी विचार केला. कपाळावर आठ्या घालून, पूर्वी ओझ्याचा अंदाज घेताना घालायचे तशा. "दुखतं," ते म्हणाले.

लेकीने भिंतीला हात टेकला.

"दुखतं," बाबा पुन्हा म्हणाले, "पण पाडत नाही." मग ते सिस्टरकडे झुकले आणि गुपित सांगावं तसा आवाज खाली आणला, तरी सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतका. "आधी आमची मुलगी उचलायची. तिला नाही जमत ते. भिते. मी मोडेन असं वाटतं तिला. कामावरून दमून येते बिचारी, तिच्याच्याने काय होणार? ही बाई चांगली आहे. नवीन ठेवलीय. रागीट आहे थोडी, पण धरते कशी, माणसासारखी. हिला काढू नका."

सिस्टरने वर बघितलं. भिंतीपाशी उभी असलेली ती बाई हलली नाही.

"आणि हे मुलीच्या कानावर घालू नका," बाबा म्हणाले. "तिला वाईट वाटेल."

"नाही घालत, आजोबा," सिस्टर म्हणाली. ती उठली, बाबांची बाही सारखी केली, आणि दाराशी बूट घालताना तिने लेकीच्या हाताला नुसता स्पर्श केला. "वॉर्डाचं राहू दे," ती म्हणाली. "आठवड्यातून दोनदा आमची एक बाई पाठवते मदतीला. तुम्ही झोपा तेव्हा." आणि ती जिना उतरून गेली.

दार लावून लेक परत आली. जिंकल्यासारखं काहीतरी झालं होतं. तिचे हात तिला परत मिळाले होते, बाबा घरीच राहणार होते. खुर्चीत बाबा तिची वाट बघत होते. डोळे स्वच्छ होते, परक्या माणसाशी असतात तसे अदबीचे.

"बाई, जरा मला खिडकीशी बसवता का?" त्यांनी विचारलं. "आमच्या मुलीची यायची वेळ झाली."

आयुष्यभर त्यांनी तिला अगं केलं होतं, गाढवे केलं होतं, बयो केलं होतं. अहो कधी केलं नव्हतं. तिने वाकून त्यांचे दंड धरले, जितके घट्ट धरायला हवेत तितके, त्यांना उठवलं, पावला पावलाने खिडकीशी नेलं आणि खुर्चीत नीट बसवलं. खाली रस्त्यावर कामावरून परतणारी माणसं चालली होती. बाबा एकेकीला निरखत होते. ती त्यांच्या मागे, त्यांना दिसणार नाही अशी उभी राहिली.

"आज उशीर झाला तिला," बाबा म्हणाले.

"येईल," ती म्हणाली. "बसा तुम्ही. येईल."